इशाऱ्याचा हातोडा

आमच्या कामात तोंडानं बोलायचं नसतं. बोलत बसलं की लोखंड थंड होतं. आमचे हे डाव्या हातात सांडशी धरतात, सांडशीत लाल झालेलं लोखंड, आणि उजव्या हातात एक लहानसा हातोडा. तो ठोकायचा नव्हे, दाखवायचा. हातोडा जिथे टक् करेल तिथे मी घण घालायचा. टक्‌टक् असं दोनदा केलं की जोरात घालायचा. आणि लोखंड सोडून नुसती ऐरण वाजवली की थांबायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. घरात मी बोलते आणि हे ऐकतात, भट्टीवर हे वाजवतात आणि मी ऐकते, असा आमचा बरोबरीचा संसार. बाई घण घालते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. आता नुसते विळे घेऊन येतात.

यंदा कापणीच्या तोंडावरच ह्यांच्या पोटानं दगा दिला. शौचाला रक्त पडत होतं ते ह्यांनी किती दिवस लपवलं देव जाणे. मी तरी काय कमी शहाणी! ह्यांचा कमरेचा पट्टा सैल व्हायचा, आणि मी खिळा तापवून पट्ट्याला नवीन भोक पाडून द्यायचे. पुन्हा सैल, पुन्हा भोक. वर ह्यांनाच सांगायचे, "चामडं ताणलंय हो, हल्ली चांगलं चामडं मिळत नाही." माणूस आटतोय हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शेवटी एक दिवस सांडशी हातातून सुटली, लाल फाळ जमिनीवर पडला आणि हे त्याच्याकडे बघत नुसते उभे राहिले. तेव्हा मी भट्टीवर पाणी ओतलं आणि ह्यांना घेऊन शहरातला दवाखाना गाठला.

मोठ्या आतड्यात गाठ. कॅन्सर. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हे म्हणाले, "काढता येते ना? मग टाका काढून. मला कापणी आहे."

डॉक्टर हसले. म्हणाले, "काढता येते. पण आधी हे हातात धरा आणि जेवढं दाबवेल तेवढं दाबा."

हाताची ताकद मोजायचं यंत्र होतं ते. आमच्या आधी रांगेत एक शिंपी होता. त्यानं जन्मात सुईपेक्षा जड काही उचललं नसेल, पण त्यानं दाबलं तेव्हा काटा चांगला वर गेला होता. ह्यांनी दाबलं. दात खाल्ले, डोळे मिटले, मानेच्या शिरा फुगल्या. काटा जरासा हलला आणि जागेवर येऊन बसला.

"यंत्र बिघडलंय," हे म्हणाले. "द्या इकडे, मी नीट करून देतो."

शिंप्यानं तर बिचाऱ्यानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ह्यांनी ते यंत्र हळूच टेबलावर ठेवलं आणि आपला हात मांडीखाली दडवला. ज्या हाताला सारा मुलूख घाबरायचा तो हात दडवलेला बघून मला असं वाटलं की त्या काट्यालाच घण घालावा.

डॉक्टर म्हणाले, "हे बघा, ह्या अंगावर मी सुरी चालवली तर जखम भरून यायला अंगात काही शिल्लक नाही. आधी अंग भरा. दीड महिन्यानं पुन्हा मोजू. भरलं तर लगेच ऑपरेशन. नाही भरलं तर पुढे ढकलावं लागेल, आणि ती गाठ काही आपल्यासाठी थांबणार नाही."

मग आम्हाला आहारवाल्या बाईकडे पाठवलं. स्वतः काडीसारखी, आणि सगळ्या जगाला खा खा सांगायची. तिनं ह्यांचा दंड चिमटीत धरला, मांडी चाचपली. म्हणाली, "ह्या दुखण्यात नुसतं वजन उतरत नाही, अंगातलं मांस झडतं. अंडी, दूध, दही, मऊ शिजवलेली डाळ, मासे, असं थोडं थोडं पण सारखं द्या. आणि झोपवून ठेवू नका. रोज चालवा, झेपेल तसं हातापायांना काम द्या. नुसतं खाऊन लोळत राहिले तर खाल्लेलं अंगी लागायचं नाही."

एवढं सगळं ती बोलली. मी घरी काय घेऊन आले? वजन. लोखंडातला जन्म माझा, वजन म्हटलं की मला बाकी काही ऐकू येत नाही.

घरी वन्सं वाट बघत होत्या. ह्यांची थोरली बहीण, आमच्या शेजारच्याच खोलीत राहतात. भावाला लहानाचा मोठा त्यांनीच केला, त्यामुळे ह्यांच्या पोटावर पहिला हक्क त्यांचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "आतडं दुखतंय ना? मग आतड्याला विसावा द्यायचा. धाकट्या, तू पडून राहा. मी भाताचं पाणी आणते."

"वन्सं, पाण्यानं मांस चढत नाही," मी म्हटलं.

"तुझ्या अंड्यांनी तरी कुठे चढलंय? तूच घालत होतीस ना इतके दिवस जेवायला?"

अस्सं लागलं मला ते! त्या दिवसापासून आमच्या घरात दोन चुली पेटल्या. सकाळी मी उकडलेली अंडी घेऊन जाणार, मागोमाग वन्सं पेल्यात ते ढवळं पाणी घेऊन येणार. मी डाळीची वाटी ठेवली की त्यांचा पेला आलाच. आणि आमचे हे खाटेवर भिंतीला टेकून दोघींकडे आळीपाळीनं बघणार. चालायला उठले तर वन्सं ओरडायच्या, "पड बघू!" आणि खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतं माझंही त्यांच्याशी जमायचं. मीही म्हणायचे, पडा. पडून राहिल्यावर वजन वाढतं असा माझा साधा हिशोब.

वजन करायला काटा घरचाच होता. भंगार मोजायचा, जमिनीवरचा, लोखंडी पाट असलेला. दर बाजाराच्या दिवशी मी ह्यांना त्यावर उभं करायचे. पहिल्या बाजारी वजन जरासं वाढलं. मी नुसती नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या बाजारी आणखी. वन्संना मी मुद्दाम हाक मारून दाखवलं, "बघा, अंडी बोलतात!" त्यांनी काट्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "माझ्या पाण्यानं वाढलंय ते," म्हणाल्या आणि पेला घेऊन आत गेल्या.

ह्यांचा चेहरा मात्र तसाच, ओढलेला. मी मनाशी म्हटलं, चेहऱ्यावर उशिरा येत असेल. आमच्या भट्टीवरचा कुत्रा मात्र झकास दिसायला लागला होता. अंगावर तुकतुकी, मान जाड, चालताना डुलायचा. आजारी माणसाच्या घरात कुत्र्याला एवढी तब्येत कुठून आली, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

इकडे विळ्यांचा ढीग लागला होता. कापणी काही कुणाच्या आतड्यासाठी थांबत नाही. मी एकटीनंच भट्टी पेटवली. एका हातानं सांडशी धरायची, दुसऱ्या हातानं लहान घण, कुठे मारायचं ते आपणच ठरवायचं. मेलं ते जमेना. घण मला उपजत येतो, पण जागा दाखवणारं कुणी नसलं की हात भलतीकडेच पडतो. मेंढ्या राखणारा म्हातारा आपला विळा घ्यायला आला. त्यानं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"वहिनी, हा विळा आहे का उलथणं?"

"घ्यायचा तर घ्या, नाहीतर ठेवा!" मी खेकसले. पण आतून मला रडू येत होतं.

तो बाजाराचा दिवस होता. वजनाची वेळ झाली. म्हाताऱ्यालाही कौतुक दाखवावं म्हणून मी ह्यांना हाक मारली. हे आले, कामाचं चामडं पुढ्यात बांधून. वजनाला येताना हे नेहमी ते बांधूनच यायचे. मला वाटायचं, कामाची आठवण येत असेल बिचाऱ्यांना, मायेनं बांधत असतील. हे काट्यावर चढले. दुसरा पाय वर घेताना तोल गेला, तशी चामड्याची गाठ सुटली. खण्ण! खण्ण, खण्ण, खण्ण! लाकूड फोडायच्या पाचरी, दोन बिजागऱ्या, एक अख्खा हातोड्याचा माथा, असं सगळं चामड्याच्या आतल्या खिशातून फरशीवर बरसलं.

कुत्रा पळाला. म्हातारा डोळे फाडून बघत राहिला. वन्सं दारात पेला धरून उभ्या. आणि काट्यावर आमचे हे, खरे, तेवढेच्या तेवढे. नव्हे, पहिल्याहून कमी.

मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. खोटारडे म्हटलं, भामटे म्हटलं, भंगारवाल्यालाही कुणी असं फसवत नाही म्हटलं. हे ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "काट्याकडे बघताना तुझं तोंड कसं व्हायचं ठाऊक आहे का तुला? मला ते बघवेना. अंडी गिळवत नव्हती. कुत्र्याला घालत होतो. तू आनंदानं दोन घास जास्त खायचीस, मला तेवढं बरं वाटायचं."

आता ह्यावर माणसानं रागवायचं तरी कसं? मी तिथेच ऐरणीशी बसले आणि मोठ्यानं रडले. म्हातारा हळूच आपला उलथणं झालेला विळा उचलून निघून गेला. जाताना म्हणाला, "चालेल हो मला हा, चालेल."

डोळे पुसले आणि विचार केला. माझ्या हातचं हे कुत्र्याला घालतात. पण वन्संचा पेला? तो रोज रिकामा जात होता. थेंब उरत नव्हता. बहिणीनं दिलेलं टाकायचं ह्यांच्या हाताला वळणच नाही. म्हणजे वाट कुठून जाते ते मला दिसत होतं. फक्त त्या वाटेनं जायला नाक खाली घालावं लागणार होतं, आणि माझं नाक, सगळ्यांना माहीत आहे, केवढं आहे ते.

गेले वन्संच्या खोलीत. म्हटलं, "वन्सं, तुमच्या हातचंच ह्यांच्या पोटात जातं. माझं जात नाही."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला थांबल्या असतील त्या. मला वाटलं, आता मिरवतील. पण त्यांनी पेला खाली ठेवला. "अगं, नुसतं पाणी पाजत राहिले मी त्याला," त्या म्हणाल्या. "काट्यावर बघितलंस ना, काय उरलंय? मीच पाणी पाजून पाजून…"

"आणि मी झोपवून झोपवून," मी म्हटलं. मग आम्ही दोघींनी एकदमच नाक शिंकरलं आणि कामाला लागलो.

पेला तोच, हात तोच, पण आत आता दूध, त्यात शिजवून घोटलेलं अंडं, कधी गाळलेल्या डाळीचं दाट पाणी, कधी दही. वन्सं घोटायच्या, मी चव बघायची. एकदम पेलाभर नाही, अर्धा अर्धा, सारखा. पहिल्या घोटालाच ह्यांनी वर बघितलं.

"आक्का, आज पाणी दाट लागतंय."

"तांदूळ नवीन आहे," वन्सं म्हणाल्या. एवढ्या सरळ बाईनं एवढी गुळगुळीत थाप मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, वन्संकडे बघितलं, आणि पेला संपवला. कळलं होतं त्यांना. कुत्रा दारात बसून वाट बघत होता, त्यालाही कळलं असावं.

पण आहारवाल्या बाईचं अर्धं सांगणं अजून बाकी होतं. हातापायांना काम द्या. रात्रभर विचार केला असंही नाही, सकाळी भट्टी पेटवतानाच मला ते सुचलं. ऐरणीशी एक ठोकळा ठेवला, त्यावर गोधडीची घडी. ह्यांना धरून आणलं, बसवलं. एका हातात सांडशी दिली, दुसऱ्या हातात इशाऱ्याचा हातोडा.

"घण माझा," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं दाखवा."

वन्सं ओरडल्या नाहीत. पदराचा बोळा तोंडाशी धरून दारात उभ्या राहिल्या.

पहिला विळा भट्टीतून काढला. सांडशी एवढी थरथरत होती की लाल पातं ऐरणीवर आपलं आपणच वाजत होतं. हे दोन्ही गुडघ्यांनी हाताला आधार द्यायचा प्रयत्न करत होते. मग हातोडा उचलला. टक्. मी घण घातला. टक्. घातला. आणि काय सांगू, पहिल्या दोन घावातच पातं वळणावर आलं! मधले इतके दिवस माझे हात आंधळ्यासारखे फिरत होते, त्यांना एकदम दिसायला लागलं. विळा पुरा व्हायच्या आतच ऐरण वाजली. थांब. ह्यांच्या कपाळावर घामाच्या धारा, ओठ पांढरे. मी सांडशी त्यांच्या हातातून सोडवून घेतली. एकच विळा, तोही अर्धा.

दुसऱ्या दिवशी तो पुरा झाला. पुढे एकाचे दोन झाले. मधल्या वेळात ठोकळ्यावरून उठायचं, दारापर्यंत जायचं, भात्याची साखळी चार वेळा ओढायची, परत बसायचं. ठोकळ्यावरून उठताना आधी माझा खांदा लागायचा, मग नुसता हात, मग नुसती माझी नजर. काही दिवस वाईटही गेले. एकदा पोटात कळ आली तेव्हा दिवसभर खाटेवरच होते, आणि मी घणाच्या दांड्याला उगीचच तेल चोळत बसले. पण दुसऱ्या दिवशी आपणच ठोकळ्यावर येऊन बसले.

आणि मग ती सकाळ आली. चार विळे ओळीनं झाले होते, मी शेवटचा पाण्यात घातला, चर्र आवाज झाला, वाफ उठली. त्या वाफेतून ह्यांचा आवाज आला, "भूक लागली."

मी म्हटलं, "काय?"

"भूक लागली म्हणतोय. अंडं आहे का उकडलेलं? त्या कुत्र्याला देऊ नकोस."

वन्सं स्वयंपाकघरात अशा धावल्या की उंबऱ्याला ठेचकाळल्या. मी तर घण हातात घेऊनच हसत सुटले. नुसतं भूक लागली म्हटल्यावर दोन बायका एवढ्या नाचल्याचं कुणी बघितलं नसेल.

दीड महिना भरला. दवाखान्याच्या दारातच मी ह्यांना थांबवलं. "हात वर करा." खिसे उलटे केले, कंबर चाचपली, चपला काढून झटकल्या. रांगेतले लोक बघत होते. "लोखंड नाही ना कुठे?" मी विचारलं. "आहे," हे म्हणाले, "पण ते बाहेर काढता येत नाही." सगळी रांग हसली. काय तरी बाई, म्हातारपणी असलं बोलणं!

आधी वजन केलं. माझा जीव पुन्हा काट्यात अडकला. वजन काही फारसं वाढलं नव्हतं. एवढे पेले, एवढी अंडी, आणि एवढंसंच? आहारवाल्या बाईनं मात्र काट्याकडे पुरतं बघितलंही नाही. तिनं ह्यांचा दंड धरला, मांडी दाबली. "हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा," म्हणाली. हे उठले. बसले. पुन्हा उठले. ती पुरे म्हणेना, म्हणून आपले उठत आणि बसतच राहिले.

मग ते यंत्र आलं. ह्यांनी ते घेतलं, जरा फिरवून बघितलं, सांडशी धरतात तसं धरलं. आणि दाबलं. दात खाल्ले नाहीत, डोळे मिटले नाहीत. काटा चढला. शिंप्याच्या पुढे गेला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरांनी बोटानं दाखवलेल्या खुणेच्या वर गेला आणि तिथे थांबून राहिला.

"काय केलंत तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कुठे काय केलं?" हे म्हणाले. "मारलं सगळं हिनं. मी नुसतं कुठे मारायचं ते दाखवलं."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची जराशी मागे घेतली. ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि वन्सं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत काय चाललंय काही ऐकू येत नव्हतं. ठोकण्याचा आवाज नसलेलं काम मला समजतच नाही. वन्संनी माझा हात धरला होता. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, गाठ पुरी निघाली, माणसानं चांगलं सोसलं, पुढची औषधंही आता सोसेल. वन्संनी त्यांना तिथल्या तिथे आशीर्वाद दिला आणि वर विचारलं, "त्याला काय देऊ खायला?"

मला आत सोडलं ते संध्याकाळी. हे लोखंडी खाटेवर निजले होते, नाकात नळी, हाताला नळी, पोटावर केवढी पट्टी. चेहरा राखेसारखा. डोळे मिटलेले. मी हाक मारली, "अहो." काही नाही. पुन्हा मारली. माझा धीर सुटला. एवढं सगळं करून माणूस असा पडलेला बघायचा होता का? मी तोंड फिरवलं.

मागे आवाज झाला. टक्.

वळून बघितलं. डोळे मिटलेलेच होते. पण नळी लावलेल्या हाताचं एक बोट वाकलं होतं आणि खाटेच्या कठड्यावर, लोखंडावर, नखानं वाजत होतं. टक्‌टक्.

दोनदा! जोरात घाल म्हणतोय माणूस! माझ्याजवळ घण नव्हता. मी मूठ आवळली आणि त्या कठड्यावर अशी हाणली की सगळी खाट हादरली, सलाइनची बाटली डोलायला लागली आणि नर्स धावत आली. "बाई, वेड लागलंय का तुम्हाला? पेशंट आहे तो!" ती मला दंडाला धरून बाहेर ओढायला लागली. मी रडत होते आणि हसत होते, आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. पण ओठ हसले, आणि बोट पुन्हा वाकलं.